गड चढायच्या आधी उतरायचं गणित

नोव्हेंबर महिना होता. पुण्याहून निघायलाच उशीर झाला, वाटेत मिसळ झाली, नसरापूरला पुन्हा चहा झाला आणि गुंजवण्यात पोचेपर्यंत साडेअकरा वाजून गेले. समोर राजगड उन्हात लख्ख दिसत होता. पहिल्याच घराच्या अंगणात एक आजी सुपात भात पाखडत बसल्या होत्या. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा वर सूर्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आत्ता निघालाव व्हय? मग उतरायचं कवा?"

"पाचपर्यंत येतो की आजी," असं म्हणून आम्ही निघालो आणि खाली आलो रात्री आठला. कुणाला गंभीर काही झालं नाही. पण शेवटच्या तासात माझ्या भाच्याचे गुडघे अक्षरशः लटपटत होते. सहा जणांत धड चालणारी बॅटरी एकच होती. झाडीतल्या उतारावर एकाने दगडावर उजेड धरायचा आणि बाकीच्यांनी एकेक पाऊल टाकत पुढे यायचं, असं दोन तास चाललं. तेव्हापासून मी कुठल्याही ट्रेकची आखणी त्या आजींच्या प्रश्नापासून सुरू करते.

पुणेकरांच्या वाट्याला मोठं भाग्य आलेलं आहे. सिंहगड, राजगड, तोरणा, पुरंदर, तिकोना, लोहगड, विसापूर, सगळे सकाळी निघून रात्री घरी जेवायला येता येईल अशा अंतरावर. म्हणूनच आपण त्यांना 'एका दिवसाचा तर आहे' म्हणून सहज घेतो. बहुतेकांची तयारी असते ती वर पोचण्याची. आपल्याकडचा उजेड, अंगातली ताकद आणि बाटलीतलं पाणी मात्र सकाळी भरपूर असतं आणि उतरायच्या वेळी संपत आलेलं असतं. ते तेव्हाही पुरावं, एवढ्यासाठीच एका दिवसाच्या ट्रेकची सगळी तयारी करायची.

वेळ उलटी मोजायची

१८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने डोंगरात चालायच्या वेळेचा एक ठोकताळा सांगितला. तो आजही जगभर वापरतात. दर पाच किलोमीटर अंतराला एक तास धरायचा आणि त्यावर दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास वाढवायचा.

सिंहगडावर लावून बघू. आतकरवाडीहून पायवाट साधारण अडीच-तीन किलोमीटरची आणि चढाई सुमारे सहाशे मीटर. म्हणजे अंतराचा अर्धा तास, चढाईचा एक तास, मिळून दीड तास. दर रविवारी जाणारी मंडळी तासाच्या आत वर जाऊन दही खात बसलेली असतात हे खरं. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला दीड ते दोन तास लागतात. सहाशे मीटर म्हणजे किती, हे कळायला एक सोपी कल्पना करा: इमारतीचा एक मजला तीन मीटरचा धरला तर हे दोनशे मजले झाले, तेही लिफ्टशिवाय.

नेस्मिथचं गणित तंदुरुस्त माणसाचं आहे, त्यात विश्रांती धरलेली नाही. आपल्याकडे ऊन असतं, घसारा म्हणजे सुट्या माती-खड्यांचा निसरडा उतार असतो, फोटो असतात आणि कातळटप्प्यावर सुट्टीच्या दिवशी रांगही असते. मी आलेल्या उत्तरात निम्मी वेळ वाढवते. उतरायला चढण्याच्या निम्माच वेळ लागेल असं धरू नका. सह्याद्रीच्या मुरमाड, खड्या उतारावर नवख्या माणसाला उतरायला जवळजवळ चढण्याएवढाच वेळ लागतो.

आता राजगडाचं उलटं गणित. नोव्हेंबरअखेरीस पुण्यात सूर्य सहाच्या जरासा आधीच मावळतो. त्यानंतरचा संधिप्रकाश आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटंच टिकतो आणि झाडीत तर तेवढाही मिळत नाही. म्हणून पाचला पायथ्याशी असायचं ठरवू. उतरायला अडीच तास, म्हणजे अडीचला गड सोडायचा. पद्मावती माची, बालेकिल्ला आणि संजीवनी माची नीट बघायला तीन तास हवेत, म्हणजे साडेअकराला वर पोचायला हवं. चढायला तीन तास, म्हणजे साडेआठला गुंजवणं सोडायचं. पुण्यापासून गाडीचे दोन तास धरले तर सकाळी साडेसहाच्या आत गाडी सुरू झालेली असायला हवी. आम्ही साडेअकराला जिथून निघालो, त्या वेळी खरं तर वर असायला हवं होतं. मिसळ येताना खावी.

या हिशेबातून एक वेळ निघते आणि ती निघण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवायची: परत फिरायची वेळ. साडेबारा वाजेपर्यंत वर पोचलो नाही तर असू तिथून मागे वळायचं, बालेकिल्ला पुढच्या वेळी. वर उभं राहून हा निर्णय घेणं फार अवघड जातं, कारण तेव्हा 'फक्त वीस मिनिटं राहिली' असंच वाटत असतं. घरी, जेवणाच्या टेबलाशी ठरवलेलं असलं की वाद होत नाही.

उतरताना पाय का लटपटतात

चढताना दम लागतो म्हणून आपल्याला वाटतं चढणंच अवघड. दम म्हणजे हृदय आणि फुप्फुसांवरचा ताण, तो दोन मिनिटं थांबलं की ओसरतो. उतरताना दम लागत नाही, पण मांडीच्या पुढच्या स्नायूंचं काम वेगळंच होतं. चढताना हा स्नायू आखडून अंग वर ढकलतो. उतरताना तो ताणला जात असतानाच जोर लावतो, गाडीच्या ब्रेकसारखा. प्रत्येक पावलाला पूर्ण शरीराचं वजन अधिक पाठीवरची सॅक तो अलगद खाली सोडत असतो. ताणत ताणत काम करताना स्नायूच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. दोन-तीन हजार पावलांनंतर ब्रेक सैल पडायला लागतो, तेव्हा गुडघा थरथरतो, पाऊल दाणकन पडतं आणि घसरणं सुरू होतं. दुसऱ्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी मांड्या जास्त दुखतात, जिन्यावरून उतरताना कठड्याला धरावं लागतं, त्याचं कारणही हेच.

चांगली गोष्ट अशी की हा स्नायू लवकर शिकतो. दोन-चार वेळा उताराची सवय झाली की पुढच्या वेळी इजा बरीच कमी होते. मात्र सराव उताराचाच हवा. सपाट ट्रॅकवर दहा किलोमीटर चालणारा माणूसही पहिल्या गडावरून उतरताना हैराण होतो. पुण्यात यासाठी पैसे घालवायची गरज नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत. महिनाभर आठवड्यातून तीनदा जा. पहिल्या आठवड्यात दोन फेऱ्या, मग तीन, मग पाच. चढताना हवं तर वेगाने चढा, पण उतरताना सावकाश, पाऊल आवाज न करता टेकवत उतरा. रविवारी वेताळ टेकडी किंवा हनुमान टेकडीची मातीची, खड्यांची वाट धरा, म्हणजे घोट्यालाही सवय होते. नंतर तिकोना किंवा लोहगड, मग सिंहगडाची पायवाट, आणि ती सहज जमायला लागली की राजगड-तोरणा. तोरण्याची उंची १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यांत उंच किल्ला. पहिल्याच ट्रेकला वेल्ह्याहून तोरणा करायला निघणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते.

बुटांबद्दल फार लिहिलं जातं, मी दोनच गोष्टी सांगेन. तळव्याच्या खाचा खोल हव्यात, गुळगुळीत झालेले रोजचे बूट नकोत. आणि बूट किमान आठवडाभर घालून फिरलेले हवेत. उतरताना पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख सतत आपटत राहतं. निघायच्या आदल्या रात्री पायाची नखं कापा आणि उतरायला लागण्यापूर्वी खाली बसून बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट बांधा. एवढ्याशा गोष्टीने काळंनिळं नख वाचतं.

घसाऱ्यावर शरीर मागे टाकायचा मोह होतो आणि मागे झुकलं की पाय पुढे निसटतात. गुडघे किंचित वाकवून, वजन पावलांवर ठेवून, आडवी-तिरकी छोटी पावलं टाका. हाताला कारवीची जिवंत, ओली काठी मिळाली तर तिचा आधार चालतो. वाळलेली मुळासकट हातात येते.

पाणी, मीठ आणि डबा

कडक उन्हात चढताना तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. माणशी तीन लिटर पाणी हा माझा किमान आकडा. मार्च ते मेमध्ये चार. निम्मं पाणी वर पोचेपर्यंत, निम्मं उतरण्यासाठी, आणि शेवटचा अर्धा लिटर गाडी दिसेपर्यंत उघडायचा नाही. तहान लागायची वाट न बघता वीस मिनिटांनी दोन-तीन घोट घ्या. गडावरच्या टाक्यातलं पाणी मिळेलच असं धरू नका. उन्हाळ्यात अनेक टाकी तळ गाठतात.

घामातून पाण्याबरोबर मीठही जातं. दिवसभर नुसतंच साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस 'पाणी कमी पडलं' म्हणून आणखी पाणी पितो. म्हणून एक बाटली तरी मिठाची असावी. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळा. मीठ अंदाजाने टाकू नका, मोजूनच टाका.

खाण्याचंही तसंच. एकदम पोटभर पिठलं-भाकरी खाऊन लगेच उतरायला लागलं की पाय जड होतात. दर तासाला थोडं काहीतरी तोंडात टाकलं तर अंगातली साखर टिकते. माझ्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात गूळ-शेंगदाणे, खजूर आणि चिक्की असते. डब्यात तूप-गूळ लावलेल्या पोळीच्या गुंडाळ्या, आणि फडक्यात काकडी. वरच्या वाऱ्यात, घामाने भिजलेल्या अंगाने, मीठ लावलेली काकडी खाण्यासारखं सुख नाही. साली आणि कागद सॅकमधूनच परत आणायचे.

वेग किती ठेवायचा? चालता चालता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर. शब्द तुटायला लागले की कमी करा. गटात सगळ्यांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवा आणि वाट माहीत असलेल्या एकाला शेवटी. उलट केलं तर सावकाश चालणारा मागे पडतो, बाकीचे थांबून विश्रांती घेतात आणि तो पोचला की लगेच निघतात. ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही.

गड एकच, ऋतू वेगळा

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, सिंहगड १३०० मीटरच्या आसपास. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे गडावर शहरापेक्षा पाचेक अंश थंड. उन्हाळ्यात हे बरं वाटतं. पावसाळ्यात भिजलेली जीन्स, वर सुटलेला वारा आणि हा फरक एकत्र आले की जुलैतही दातावर दात वाजतात. जीन्स आणि जाड सुती शर्ट पाणी धरून ठेवतात, म्हणून लवकर वाळणारे कपडे घाला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला एक कोरडा टी-शर्ट जवळ ठेवा.

पावसाळ्यातला खरा धोका मात्र वाहत्या पाण्याचा. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. अचानक वाढलेल्या पाण्यात एकमेकांना धरून उभी असलेली ती माणसं महाराष्ट्राने मोबाईलवर पाहिली. असं का होतं, हे प्रत्येकाला कळायला हवं. आपल्याकडचा काळा कातळ पाणी फारसं मुरू देत नाही. वरच्या पठारावर जोरदार सर आली की सगळं पाणी दोन-चार ओढ्यांतून मिनिटांत खाली धावतं. तुम्ही उभे आहात तिथे पाऊस नसेलही. पाणी एकदम गढूळ झालं, पाला-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज वाढला, तर फोटो, पिशवी, चप्पल सगळं सोडून आधी काठावर चढा. गुडघ्याच्या वर आणि जोरात वाहणारा ओढा ओलांडायचा नाही. सर थांबल्यावर पाणी बहुतेक वेळा तासा-दोन तासांत ओसरतं. काठावर बसून वाट बघणं हाच त्यावरचा उपाय आहे. शेवाळलेल्या कातळावर तर कुठलाच बूट भरवशाचा नाही, तिथे बसून, तळहात टेकत उतरण्यात काही कमीपणा नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर सुंदर, पण गवत कमरेएवढं वाढलेलं असतं आणि वाट त्यात बुडून जाते. वाळलेलं गवत उतारावर तेल सांडल्यासारखं घसरतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत चढाई संपलेली असावी. एखाद्याला भर उन्हात चक्कर आली, तो असंबद्ध बोलायला लागला, त्वचा तापलेली लागली, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, हाताशी असेल तेवढं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि मदत बोलवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

याच दिवसांत दुपारनंतर वळवाचे ढग येतात आणि वीज येते. आवाज एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद घेतो. वीज चमकल्यावर आकडे मोजा. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची तुमच्यावरही पडू शकते. माथा, बुरूज, ध्वजाचा खांब, एकटं झाड, लोखंडी रेलिंग आणि पाण्याचं टाकं यांपासून लगेच दूर व्हा. एकमेकांपासून अंतर ठेवून खालच्या अंगाला उतरा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय पुन्हा वर जाऊ नका.

वाट आणि चकवा

डोंगरात दोन तऱ्हेच्या वाटा असतात. माणसांच्या पायांनी मळलेली वाट रुंद असते, तिच्यावरचे दगड झिजलेले असतात आणि वळणावर कुठेतरी बिस्किटाचा कागद दिसतोच. ढोरवाट अरुंद असते, डोंगराला आडवी जाते आणि एखाद्या झुडपापाशी नाहीशी होते. पंधरा मिनिटं माणसाची खूण दिसली नाही तर पुढे जायचं नाही. शेवटची ओळखीची जागा आठवून तिथपर्यंत मागे यायचं. 'नाळेने सरळ खाली उतरू, गाव तर दिसतंय' हा विचार सगळ्यांत घातक, कारण अशा घळी बऱ्याचदा कड्याच्या तोंडाशी संपतात. चढतानाच दर फाट्यावर थांबून मागे वळून बघायची सवय लावा, उतरताना वाट तशीच दिसणार असते.

मोबाईलमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्या. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, ते उपग्रहाकडून येतं. दरीत रेंज शोधून शोधून बॅटरी संपते, म्हणून चालताना फोन विमान मोडवर टाका. उजेडासाठी डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाची स्वतंत्र. मोबाईलचा टॉर्च धरला की एक हात अडकतो, आणि उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात.

पायथ्याच्या गावात थांबून विचारल्याशिवाय निघू नका. 'मामा, वाट चालू आहे का? वर पाणी आहे का?' दोन मिनिटं लागतात. कुठे दरड आली आहे, कुठे आग्यामोहोळ लागलंय, हे त्यांनाच माहीत असतं. मोहोळ दिसलं तर आवाज, धूर, दगड काही नको, अत्तर तर सकाळीच नको. माश्या उठल्या तर हात न झाडता डोकं-तोंड झाकून लांब पळा. उभ्याने लढायचं नाही. काटा दिसला तर लगेच नखाने खरवडून काढा. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर एक क्षण न दवडता दवाखाना गाठा.

कातळावर हात टाकायच्या आधी तिथे नजर टाका, फुरसं हा विषारी साप दगडाच्या रंगात मिसळून जातो. सर्पदंश झालाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करू नका. अंगठ्या-घड्याळ काढा, तो हात किंवा पाय काठीने स्थिर करा, माणसाला चालू न देता उचलून खाली आणा आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्या. १०८ला आधीच फोन करून ठेवला तर गाडी पायथ्याशी उभी असते.

घरच्या माणसाकडे एक चिठ्ठी

निघताना मी बहिणीला एक मेसेज टाकते. गडाचं नाव, पायथ्याचं गाव, कुठल्या वाटेने चढणार आणि कुठल्या वाटेने उतरणार, किती जण आहोत, गाडीचा नंबर, आणि शेवटी एक वेळ: 'आठपर्यंत फोन आला नाही तर हालचाल कर.' तिला काय करायचं हेही ठरलेलं आहे. आधी आमच्यातल्या दोघांना फोन, मग पायथ्याच्या ज्या घरी गाडी लावली तिथे फोन, आणि कुणीच सापडलं नाही तर ११२. डोंगरात अडकलेल्यांसाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरमार्फत ठिकठिकाणचे गिर्यारोहक स्वतःहून धावून जातात. त्यांचा हेल्पलाइन नंबर तिच्या आणि माझ्या दोघींच्या फोनमध्ये आहे. शोधायला निघालेल्यांना पहिली माहिती लागते ती वाटेची. 'राजगडला गेलेत' एवढंच कळलं तर त्यांना सगळा डोंगर धुंडाळावा लागतो. 'गुंजवण्याकडून, चोरदरवाज्याच्या वाटेने, सहा जण, एकाने लाल जर्किन घातलंय' असं कळलं तर ते थेट त्या वाटेला लागतात. आणि गाडीत बसल्यावर पहिला मेसेज तिला, 'उतरलो.'